सरांनी मारलेला एकच फोक

पुस्तकात बोट घालून ते मिटायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत विचारायचं, "बरं, तुम्ही असता तर?" आमच्या इंग्रजीच्या सरांची ही सवय. उत्तर येईपर्यंत गडी हलायचा नाही. समोरचा घोटाळला की म्हणायचे, "घाई नाही."

हा प्रश्न काही फक्त पोरांसाठी नव्हता. कर्जत स्टेशनाबाहेरच्या हॉटेलवाल्यानं एकदा त्यांना गार चहा दिला. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. सरांनी कप त्याच्यापुढं सरकवला. "बरं, तुम्ही असता तर?" हॉटेलवाल्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मुकाट्यानं स्टोला पंप मारायला लागला. असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. रागावत नाही, आणि तेच जास्त लागतं.

मी त्या शाळेत शिपाई होतो. माझं शिक्षण मराठी दुसरी. पण शाळेच्या आवारात माझ्याइतकी वर्षं एकाही पदवीवाल्यानं काढली नाहीत, हे मी तेव्हाही तोंडावर सांगायचो. सगळे मला मामा म्हणत, हेडसरसुद्धा. आमची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अर्ध्या बाजारपेठेची घड्याळं माझ्या घंटेवर लावलेली असायची आणि हेडसरांच्या भिंतीवरचंही.

दुसरं काम फोकांचं, म्हणजे छड्यांचं. सोमवारी सकाळी नदीकाठी जायचं, निरगुडीचे फोक तोडायचे, पानं ओरबाडायची, गाठी तासायच्या आणि प्रत्येक मास्तरांच्या टेबलावर एकेक ठेवायचा. माझ्या हातचा फोक वर्षभर तुटत नाही, असं मास्तर लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. आज हे वाचून कुणी नाक मुरडेल. मुरडा. तेव्हा आईबापच पोराला हाताला धरून आणायचे आणि सांगून जायचे, "मारा, पण शिकवा."

इंग्रजीच्या सरांच्या टेबलावर मी पहिला फोक ठेवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन वाकवून पाहिला. "उत्तम आहे, मामा," म्हणाले. मी फुगलो. दुपारी बघतो तर त्यांनी तो वर्गामागच्या ओल्या मातीत खोचलेला. निरगुडीच ती, धरली. पुढच्या सोमवारचाही तिथंच, त्याच्या पुढचाही. दोन पावसाळ्यांत वर्गामागं कुंपण उभं राहिलं आणि त्याला निळी फुलं आली. बाकीचे मास्तर मला चिडवायचे, "काय मामा, यंदा छडीला मोहर चांगला आलाय!"

मी एकदा सरांना अडवलंच. "सर, बोरघाट चढायचा तर गाडीला मागून इंजिन लावावंच लागतं. आपल्या कर्जतला रोज बघता ना? पोराला तसाच मागून फोक लागतो."

सर म्हणाले, "बरोबर. पण लोणावळ्याला ते इंजिन सोडतात ना?"

"सोडतात. पुढं सपाटी हाय."

"माणसाच्या पुढं सपाटी नसते, मामा." एवढं बोलून सायकलवर टांग टाकून गेले. मला उत्तर सुचलं, पण ते दहिवलीच्या वळणावर पोचल्यावर.

आता त्या पुस्तकाचं सांगतो. तेव्हा अकरावीला मॅट्रिक होती. सरांनी मुंबईच्या फूटपाथवरून एक इंग्रजी कादंबरी आणली, पातळशी, कव्हर फाटलेलं. अभ्यासाला नव्हती. आता म्हणे ती कॉलेजात लावतात, मोठी नावाजलेली आहे. सरांना ते तेव्हाच कळलं होतं. शुक्रवारचा शेवटचा तास ते तिला द्यायचे. चार ओळी इंग्रजी वाचायच्या, मग त्या मराठीत सांगायच्या.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. खडू घेतला, वाकले, आणि सगळ्या वर्गाभोवती फरशीवर एक वेडीवाकडी रेघ ओढली, बाकांखालून, कपाटामागून. मग स्वतः रेघेबाहेर उभे राहिले. "हे बेट. तुम्ही सगळे आत. चहूकडे समुद्र. मोठं माणूस एकही नाही. आई नाही, मास्तर नाही, मामांची घंटा नाही. बरं, काय कराल?"

पोरं आधी हसली. एक म्हणाला, "सर, आधी सुट्टी घेऊ." दुसरा म्हणाला, "मग झोपू." सर रेघेबाहेर उभेच. हळूहळू पोरं विचारात पडली. पाणी कोण आणणार? लहानांना कोण सांभाळणार? सांगितलेलं कोण ऐकणार, आणि का ऐकायचं?

त्या पुस्तकातल्या पोरांचंही असंच होतं. चांगल्या घरची पोरं. आधी सभा घेतात, नियम करतात, दुरून जहाजाला दिसावा म्हणून धूर करतात. मग कंटाळतात. काहींना शिकारीची गोडी लागते, काहींना हुकूम सोडायची. भीती शिरते. आणि एक एक करत ती पोरं रानटी होत जातात, इतकी की आपल्यातल्याच एका पोराचा जीव घेतात.

मी वर्गाच्या दाराशी नोटिशीची वही घेऊन उभा असायचो. नोटीस कसली? ऐकायला उभा असायचो. एका शुक्रवारी गोष्टीत असा रमलो की घंटा सात मिनिटं उशिरा झाली. भर बाजारात कुणी चूं केलं नाही. सगळ्यांनी आपापली घड्याळं मागं केली.

पण मला ती गोष्ट पटत नव्हती. मी दारातूनच बोललो, "सर, हे खोटं हाय. त्या बेटावर पोरी कुठं हायत? पोरी असत्या तर चूल पेटली असती आणि भांडण मिटलं असतं."

पुढच्या बाकावरची सुमन उठली. आमच्याच दहिवलीची, तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. "मामा, बेटावर जाऊनही आम्ही चूलच पेटवायची काय?"

वर्ग खो खो हसला. सर माझ्याकडं वळले. "बरं मामा, तुम्ही पोरगी असता तर?"

आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नोटीस द्यायचीय पुढच्या वर्गात," आणि सटकलो.

शेवटच्या बाकावर कमळू बसायचा. कोंडाणे लेण्यांच्या वरच्या ठाकरवाडीतला, रोज डोंगर उतरून यायचा. वर्षभर त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बेटावरचा विस्तव विझला, असं सरांनी सांगितलं तेव्हा तो एकदम बोलला, "इझंल कसा? जाड ओंडका घ्यायचा नि राखंत दाबायचा. आमच्यात पावसाळाभर इस्तू जित्ता ऱ्हातो." सरांनी पुस्तक मिटलं, खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "काढून दाखव." त्या दिवशी उरलेला तास कमळूनं घेतला. इंग्रजीचा होता, बरं का.

हे सगळं छान चाललं होतं, पण गोष्ट पोरांच्या अंगात शिरली. एका मधल्या सुट्टीत अकरावीच्या पाचसहा जणांनी पाण्याची टाकी ताब्यात घेतली. एक वर चढून बसला, सरदार म्हणे. त्याला मुजरा केल्याशिवाय पाणी नाही. खालच्या वर्गातली चिल्लीपिल्ली रडायला लागली. मी फोक घेऊन धावलो आणि दोघांच्या पोटऱ्यांवर ओढले. सरदार टाकीवरून पडता पडता वाचला. सर मागून आले. त्यांनी त्या सरदाराला रडणाऱ्या पोराशेजारी उन्हात बसवलं, रिकामा पेला हातात देऊन. "घाई नाही," म्हणाले. दहा मिनिटांनी सरदार उठला आणि सगळ्या पोरांना स्वतः पाणी वाढायला लागला.

पण तोवर हेडसरांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

हेडसर वाईट माणूस नव्हते. शिस्तीचे होते, कडक इस्त्रीचे. त्यांनी सरांना खोलीत बोलावलं. मी चहा घेऊन आत होतो, आणि कप ठेवायला मला नेहमीच वेळ लागायचा.

"सर, तुमचंच पुस्तक काय सांगतं? डोक्यावर मोठं माणूस नसलं की पोरं जनावरं होतात. मी वीस वर्षं हेच सांगतोय. आणि तुम्ही छडीची फुलझाडं लावताय!"

सर म्हणाले, "ते पुस्तक पोरांबद्दल नाही, सर. मोठ्यांबद्दल आहे. मोठी माणसं जे करतात तेच पोरं बेटावर करतात."

"मग होऊन जाऊ द्या," हेडसर म्हणाले. "येत्या शुक्रवारी तुमचा वर्ग पूर्ण तास एकटा बसेल. आत कुणी मोठं माणूस नाही. माझ्या खोलीपर्यंत आवाज आला नाही, तर पुस्तक संपवा, मी आड येणार नाही. आवाज आला, तर पुस्तक बंद, आणि सोमवारी तुमच्या हातात फोक. नुसता धरायचा नाही, वापरायचा. माझ्यासमोर."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "दिला शब्द."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, पोरांना सांगून टाकू. मुंगी चालल्याचाही आवाज यायचा नाय."

"नाही, मामा. सांगितलं तर तोही फोकच झाला. तुम्ही अजिबात बोलायचं नाही." वर माझ्याकडून वचन घेतलं. माझ्यासारख्याकडून वचन घेणं म्हणजे कुलूप लावणंच.

शुक्रवार आला. सर वर्गाला एवढंच म्हणाले, "आजचा तास मी नाही. तुम्ही बेटावर," आणि हेडसरांच्या खोलीत जाऊन बसले. मी आंब्याखाली.

अर्धा तास चिडीचूप. मला राहवेना. खिडकीच्या कडेनं डोकावलो. फळ्यावर सुमनच्या अक्षरात लिहिलेलं, 'दोष कोणाचा?' ती खुर्चीशेजारी उभी होती, खुर्चीत बसली नव्हती. एकेक जण उठून बोलत होता. मारणाऱ्याचा दोष, असं एक म्हणाला. बघत राहिलेल्यांचा, दुसरा म्हणाला. मग कमळू उठला. म्हणाला, "आधी ज्यांनी इस्तू इझू दिला त्यांचा. घरची आठवण त्यातच व्हती."

मी तिथंच उभा राहिलो. असलं बोलणं मी देवळातल्या कीर्तनातही ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात टाकीवरचा तो सरदार हसून म्हणाला, "तुला काय रं, तू तर जंगलातलाच!"

झालं. आधी सुमन ओरडली, "माफी माग!" मग अर्धा वर्ग उठला. "माफी माग! माफी माग!" बाकांवर मुठी आपटायला लागल्या. सरदाराचे दोस्तही उठले. कौलं थरथरली. हेडसरांच्या खोलीचा पडदा हललेला मला दिसला.

मी धावलो आणि रुळावर घंटा हाणली.

तास संपायला बारा मिनिटं होती. सगळी शाळा सुटली, सगळे वर्ग आरोळ्या ठोकत बाहेर पडले आणि त्या गलक्यात अकरावीचा आवाज बुडून गेला. हेडसर बाहेर आले. "मामा, घंटा?"

"झाली वेळ."

"माझ्या घड्याळात बारा मिनिटं आहेत."

"तुमचं घड्याळ मागं हाय."

आता गंमत बघा. हेडसर माझ्याकडं बघत राहिले, मग आत गेले, स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हातानं काटा पुढं सरकवायला लागले. माझ्या घंटेची एवढी पत होती. मी मनात म्हटलं, सुटले सर.

तर आतून सरांचा आवाज. "घड्याळ बरोबर आहे, हेडसर. आवाज आला होता. तुम्हीही ऐकलात, मीही."

हेडसर स्टुलावरच थांबले. सर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सायकल काढली. त्या दिवशी सायकलवर बसले नाहीत. दहिवलीपर्यंत हातात धरून चालत गेले.

रविवारी मी सुमनच्या घरी गेलो. माझं वचन शुक्रवारपुरतं होतं, असं मी ठरवलं. सगळं सांगितलं.  त्या पोरीनं चप्पल घातली आणि बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत गावभर पोरांच्या घरी फिरत होती, असं तिचे वडील सांगत होते.

सोमवारी मी नदीवर गेलो. खराब फोक तोडावा असं मनात आलं, पण ते माझ्या हातून होईना. चांगलाच तोडला, गाठी तासल्या आणि नेऊन सरांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. वर्गात गेले. दारात हेडसर, त्यांच्यामागं मी, खडूचा डबा घेऊन.

वर्ग बसलेला नव्हता. सगळी पोरं भिंतीपासून फळ्यापर्यंत रांगेत उभी होती, उजवे हात पुढं करून. पहिली सुमन. तिच्यामागं कमळू. त्याच्यामागं तो टाकीवरचा सरदार, मान खाली घालून, कमळूच्या अगदी जवळ.

सुमन म्हणाली, "सर, आवाज आम्ही केला. मारा."

सरांनी फोक उचलला. हात वर गेला आणि तिथंच राहिला.  मी कधी त्यांना शब्द मोडताना पाहिलं नव्हतं आणि कधी कुणाला मारतानाही. आता दोन्हींतलं एक मोडणार होतं. हेडसरही हलेनात. 

मी खडूचा डबा खाली ठेवला, पुढं गेलो आणि सुमनच्या हातावर माझा हात धरला.

"आधी माझा."

"मामा, बाजूला व्हा," सर म्हणाले.

"नाय होणार. अट काय व्हती? फोक वापरायचा. पोरांवरच वापरायचा असं कुणी म्हटलं नव्हतं. इचारा हेडसरांना. आणि खोटी घंटा मी दिली. सगळ्यात मोठा गुन्हा माझा."

"तुमचं वय काय, मामा!"

"वय इचारून मारतात काय? मारा, नायतर मी इथून हलत नाय. घंटा व्हायची नाय, शाळा सुटायची नाय."

सरांनी हेडसरांकडं पाहिलं. हेडसर खिडकीबाहेर बघत होते. मग सर हळूच मला म्हणाले, "घाई नाही," पण ते त्यांनी बहुतेक स्वतःलाच सांगितलं. आणि मारला.

सप्.

लागला हो. हळू मारायचं असतं हेही त्या माणसाला ठाऊक नव्हतं, सवयच नव्हती. आणि फोक माझ्या हातचा. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, "उत्तम हाय," आणि सगळा वर्ग फुटला, हसण्यानं. सुमन हसता हसता रडायला लागली. सर खुर्चीत बसले ते चष्मा काढून पुसतच राहिले.

हेडसर आत आले. सरांच्या हातातून फोक काढून घेतला, काखेत मारला. "अट पुरी झाली," म्हणाले. "शुक्रवारी पुस्तक संपवा. उगाच अर्धवट राहायला नको." दारापर्यंत गेले आणि मागं न बघता म्हणाले, "शेवट काय होतो, मला येऊन सांगा."

पण सांगायला लागलं नाही. त्या शुक्रवारी ते स्वतःच खिडकीशी उभे होते. मी शेवटच्या बाकावर कमळूशेजारी बसलो होतो. सरकून जागा त्यानंच दिली. पुस्तकाचा शेवट मी तुम्हाला सांगणार नाही, आपला आपण वाचावा. एवढंच सांगतो, तास संपल्यावर कुणी उठलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. जायच्या आधी एकदा भेट झाली. रिटायर झाल्यावर ते मुलीकडं खालापूरला राहायला गेले होते. त्यांना विसर पडायला लागलाय असं कळलं, म्हणून मी एस.टी.नं गेलो. ओटीवर खाटेवर बसले होते. मी नमस्कार केला. ओळखलं नाही.

"मी मामा," म्हटलं.

"कुणाचे मामा?"

"अख्ख्या शाळेचा."

ते हसले, पण ओळख लागली नाही. मुलगी चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मामा, बाबा गेले कित्येक महिने एकच विचारतात. तुम्हाला काही माहीत असेल तर बघा."

आणि सरांनी विचारलंच. माझ्याकडं नाही, समोरच्या अंगणाकडं बघत. "मी एकदा कुणाला तरी मारलं होतं हो. शाळेत. मूल होतं. कोण होतं ते? आठवत नाही. त्याला लागलं असेल."

"मूल नव्हतं, सर," मी म्हटलं. "चांगला बाप्या माणूस व्हता. त्यानंच मागून घेतलं."

"खरं?"

"खरं. पोराला तुमी कधीच मारलं नाय. एकालाबी नाय. मी तिथं व्हतो."

त्यांना पटलं की नाही, कळेना. म्हणून मी माझा उजवा हात त्यांच्यापुढं पसरला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडं फिरवला, कपाळावर चष्मा नव्हता तरी डोळे बारीक करून तळव्यावर वळ शोधत राहिले. बराच वेळ शोधला. मग वाकून, लहान पोराला लागल्यावर घालतात तशी, माझ्या तळव्यावर फुंकर घातली.